पाठटाचणात नसलेला चढ

एदिल्माला वर्गात जी भीती वाटायची तिला काही कारण नव्हतं, आणि म्हणूनच ती कोणाला सांगता येत नव्हती. अंगावर कुत्रं आलं, घरात कोणी आजारी पडलं, परीक्षेत नापास झालो, असं काही असलं की माणूस चार जणांना सांगतो आणि मोकळा होतो. इथे तिसरीची पोरं शहाण्यासारखी बसलेली, बाहेर छान ऊन, फळ्यावर वजाबाकी चाललेली, आणि मध्येच हिच्या छातीवर कोणीतरी धोंडा ठेवायचं. बोटांना मुंग्या यायच्या, कान बंद व्हायचे, आणि आपण आत्ता, या पोरांसमोर, खडू हातात धरून मरणार अशी पक्की खात्री व्हायची. थोड्या वेळाने ते ओसरायचं. मग ती वजाबाकी पुढे न्यायची, आणि संध्याकाळी आईने विचारलं की म्हणायची, छान झाला दिवस.

तोकाविताच्या अध्यापक विद्यालयात तिचं शेवटचं वर्ष चालू होतं. सराव पाठांसाठी तिला मिळाली होती एल क्रूसेरोची शाळा. घाटाच्या वर, बटाट्याच्या शेतांमध्ये दोन खोल्या, एक झेंडा आणि गळका नळ, एवढी ती शाळा. एका खोलीत वरचे वर्ग म्हातारे एलिसेओ मास्तर घेत आणि दुसरीत एदिल्मा. मास्तर डिसेंबरात निवृत्त होणार होते, आणि शेवटचा आदर्श पाठ नीट झाला तर फेब्रुवारीपासून ही शाळा एदिल्माची होणार होती. पाठ बिघडला तर पदविका नाही आणि पदविका नाही तर शाळा नाही. हे तिला माहीत होतं, तिच्या आईला माहीत होतं, आणि वाडीतल्या पोरांनी तर तिला आत्तापासूनच आपली प्रोफे, म्हणजे आपली बाई, म्हणून टाकलं होतं.

शाळेत जायला दुधाची गाडी होती. पण एदिल्माने थोरल्या भावाची जुनी सायकल बाहेर काढली. डोंगराळ, सायकलवेड्या बोयाका प्रांतातल्या माणसाला चढ दिसला की सायकल आठवते, त्यात नवल करण्यासारखं काही नाही. नवल पुढचं होतं. रोज पहाटे घराबाहेर पडताना तिच्या पोटात गोळा असायचा, आणि घाटाच्या अर्ध्यावर पोचेपर्यंत तो कुठेतरी गळून पडायचा. श्वासाला तिथे इतकं काम असायचं की घाबरायला त्याला सवड मिळत नव्हती. वर पोचली की पाय लटपटत असायचे पण डोकं स्वच्छ असायचं, आणि ही स्वच्छता बहुतेक दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत पुरायची.

नाही पुरली त्या दिवशी तिने एक युक्ती केली, म्हणजे तिच्याकडून ती झाली. धोंडा छातीवर येतोय असं वाटताच ती म्हणाली, "उठा सगळे. सायकलवर बसा. घाट चढायचाय." पोरांना सांगावं लागलं नाही. त्यांनी बाकाची कड हँडलसारखी धरली आणि जागच्या जागी गुडघे उचलायला सुरुवात केली. एदिल्मा पुढे टेबल धरून चढत होती, मोठ्याने सांगत होती, नाकाने श्वास घ्या, तोंडाने सोडा, वळण आलं, जरा दम धरा, अजून थोडं. घाट संपला तेव्हा पोरं लालबुंद झाली होती, हसत होती, आणि तिची छाती मोकळी झाली होती. त्यानंतर गरज पडेल तेव्हा वर्ग घाट चढू लागला. काही दिवशी एकदा, काही दिवशी चारदा.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण एका सकाळी रोसाल्बाबाई न सांगता तपासणीला आल्या आणि खिडकीतून त्यांनी हा घाट पाहिला.

रोसाल्बा पिराबान म्हणजे सराव पाठांच्या प्रमुख. चांगली बाई. पोरींच्या बसभाड्यापासून लग्नापर्यंत सगळ्याची काळजी वाहणारी. फक्त अध्यापक विद्यालयातल्या माणसांना जी खोड असते ती त्यांना जरा जास्तच होती. या लोकांना कुठलीही चांगली गोष्ट नुसती चांगली राहिलेली बघवत नाही. तिला नाव द्यावं लागतं, उद्दिष्टं द्यावी लागतात, तिच्या पायऱ्या पाडाव्या लागतात. बाईंनी खिडकीतूनच टाळ्या वाजवल्या, आणि आठवड्याच्या आत एदिल्माची घाबरगुंडी 'सक्रिय चढ पद्धत' होऊन विद्यालयाच्या फलकावर लागली, खाली रंगीत बाणांसकट.

विल्मार नावाचा तिच्या तुकडीतला एक पोरगा होता, फुटबॉल खेळणारा, वर्गात कायम मोठ्याने बोलणारा. तो तिला जिन्यात गाठून म्हणाला, "काय घाटाची राणी, तुझी पद्धत मी काल पाचवीला वापरली."

"मग?"

"मग काय. पोरं चढली ती परत खाली आलीच नाहीत. एकाने बाक मोडलं."

एदिल्मा हसली. हसताना तिला वाटलं, याला सांगावं. विल्मार पुढे निघून गेला आणि सांगायचं राहिलं.

शिक्षण खात्याचे निरीक्षक तिचा आदर्श पाठ बघायला येणार असं ठरलं तेव्हा मात्र तिने मनाशी पक्कं केलं, की बाईंना खरं काय ते सांगून टाकायचं. आदल्या दुपारी ती शिक्षकांच्या खोलीत गेली. रोसाल्बाबाई टेबलावर रंगीत पुठ्ठे मांडून बसल्या होत्या.

"ये, पोरी, बरी आलीस. हे बघ. हा निळा पुठ्ठा मी मागे बसून वर केला की तुझा चढ सुरू. पाठाच्या बरोबर मध्यावर. पाठटाचणात तसंच लिहिलंय."

"बाई, चढ कधी घ्यायचा ते आधी नाही सांगता येत."

"का नाही सांगता येत?"

"ते... लागेल तसं असतं."

"लागेल तसं वर्गात ठीक आहे. निरीक्षकांसमोर पद्धत दिसली पाहिजे. तू पोरांना कधीही उठवलंस तर ते म्हणतील, हिचा वर्गावर ताबा नाही. एकच चढ, मध्यावर. त्याच्या आधी सगळी बसलेली हवीत."

"बाई, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. तो चढ मुलांसाठी नाहीये खरं तर."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे चमकले. "तो शिक्षकासाठीही आहे. शिक्षकाचाही उत्साह वाढतो. हे वाक्य छान आहे, मी प्रस्तावनेत घालते." त्यांनी ते लिहूनही घेतलं. "आणि उद्या सायकल नको हं. घामाघूम होऊन, केस विस्कटून येशील. साहेबांची जीप येतेय, तिच्यातून जाऊ आपण. कोट इस्त्री केलास ना?"

एदिल्मा उभी राहिली. तिला ओरडायचं होतं. पण बाईंच्या तोंडावर इतका आनंद होता, पुढच्या वर्षी निवृत्त होण्याआधी त्यांना हे एक यश इतकं हवं होतं, की तिची जीभ उचलेना. "केलाय, बाई," ती म्हणाली. म्हणजे प्रेमाने, कौतुकाने, एका दुपारीत तिची दोन्ही औषधं काढून घेतली गेली होती, आणि तिने वर मान डोलावली होती.

सकाळी आईने तिच्यासमोर चांग्वाचा वाडगा ठेवला. दुधात अंडं, वर कोथिंबीर, बाजूला पाव. वास नाकात गेला आणि तिला मळमळलं.

"सुमेर्से, दोन घास तरी खा," आई म्हणाली. "रिकाम्या पोटी शिकवणार का तुम्ही?" मायेत आली की आई लेकीला 'सुमेर्से' म्हणायची, अहोजाहो करायची, आणि आज तर ती फारच मायेत होती. निळा कोट तिने रात्री स्वतः उशाशी ठेवला होता.

"आल्यावर खाते."

"चेहरा बघा आरशात. घाबरलात?"

"छे."

आईने तिच्या गालावर हात ठेवला. तो हात जरा जास्त वेळ राहिला असता तर एदिल्मा बोलली असती. पण बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

जीपमध्ये पुढे निरीक्षक बाउदिलिओ सेली बसले होते, पोट सुटलेले, बोलके. मागे एदिल्मा, रोसाल्बाबाई, आणि पाठ बघायला म्हणून आणलेले विल्मार आणि आणखी दोन छात्रशिक्षक, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे. घाट सुरू झाला. रोज जो रस्ता तिच्या पायांखालून जायचा तो आज काचेमागून जात होता, आणि तिला काही करायला नव्हतं. पोटातला गोळा घरातून निघाला होता तो वळणावळणाला वर सरकत होता. तिने बोटं मुठीत दाबली. गुडघा आपोआप हलायला लागला.

"शांत बस ना," विल्मार पुटपुटला. त्याचाही चेहरा बरा नव्हता, पण ते तिच्या लक्षात आलं नाही.

"मी काय म्हणतो," सेलीसाहेब मागे वळून म्हणाले, "आजकालची पोरं एका जागी बसत नाहीत, आणि तुम्ही म्हणता त्यांना उठवून बसवता. हे कसं काय?"

"बघाच साहेब तुम्ही," रोसाल्बाबाई म्हणाल्या. "ती बोलणार नाही, करून दाखवेल."

ती खरंच बोलली नाही. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं ते तिलाच माहीत नव्हतं.

वर्गात सगळी पोरं अंगावरचे लोकरी रुआने काढून, केस ओले करून, भांग पाडून बसली होती. प्रत्येकाच्या बाकावर घरून आणलेला एकेक बटाटा होता. मागच्या भिंतीशी लहानग्यांच्या बाकांवर पाहुणे गुडघे छातीशी घेऊन बसले. एदिल्माने फळ्यावर लिहिलं, बटाटा मूळ आहे की खोड.

"मूळ," सगळा वर्ग म्हणाला.

"का?"

"जमिनीत असतो म्हणून, प्रोफे," पुढच्या बाकावरचा दुवान म्हणाला. "आम्ही रोज काढतो. आम्हाला काय विचारता?"

मागे पाहुणे हसले. सुरुवात चांगली झाली होती. एदिल्मा बटाटा हातात घेऊन त्याचे डोळे दाखवू लागली, डोळ्यातून कोंब कसा येतो, मुळाला असा कोंब येतो का, आणि हे बोलता बोलता तिला जाणवलं की तिच्या हातातला बटाटा थरथरतोय. तिने तो टेबलावर ठेवला. खडू उचलला. बटाट्याचं चित्र काढायला घेतलं आणि खडू मोडला. दुसरा घेतला. छातीवर धोंडा आला होता.

तिने मागे पाहिलं. निळा पुठ्ठा बाईंच्या मांडीवर पालथा पडला होता. पाठाच्या मध्याला अजून बराच अवकाश होता. बाई हसून मान डोलवत होत्या, छान चाललंय, चालू दे.

"तर डोळा," एदिल्मा म्हणाली. "डोळा म्हणजे..." पुढचा शब्द आला नाही. कान बंद झाले. पोरांचे चेहरे लांब गेले. खोलीत हवा होती, ती दिसत होती, झेंड्याचं टोक खिडकीबाहेर फडफडत होतं, पण ती हवा हिच्यापर्यंत येत नव्हती. पळून जावं असं वाटलं. पण पहिल्या सत्रात पहिल्या दिवशी त्यांच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती, वर्ग सोडून जायचं नाही, काही झालं तरी पोरांना एकटं टाकायचं नाही. पाय दाराकडे वळले आणि थांबले.

पोरं गप्प झाली होती. पोरांना सगळ्यात आधी कळतं. दुवानने मागे वळून बाईंकडे पाहिलं, मग पुन्हा प्रोफेकडे.

एदिल्माने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. "मुलांनो," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "प्रोफेला भीती वाटतेय. कसली ते मला माहीत नाही. अशीच येते. श्वास घेता येत नाहीये मला. मी आता चढणार आहे. कोणाला यायचं असेल त्याने यावं."

आणि ती चढू लागली. इस्त्रीचा कोट, विद्यालयाचा घड्यांचा स्कर्ट, त्यात गुडघे वर, खाली, वर. एकटीच. मागे कोणाचं तरी बाक कुरकुरलं. वाटलं, निरीक्षक उठून चालले असावेत. तिने डोळे मिटून घेतले. नाकाने घे. सोड. मग बाकं सरकल्याचा आवाज झाला, एक, मग चार, मग सगळीच, आणि पोरांच्या बुटांचा धपधप आवाज खोलीभर झाला. बटाटे बाकांवरून पडून जमिनीवर गडगडत गेले. कोणी उचलले नाहीत. दुवान नेहमीसारखं ओरडायचं विसरून नुसता चढत होता.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. कुठेतरी तिसऱ्याच्या पुढे हवा आली. एकदम नाही, थोडी थोडी, पण आली.

"पोचलो," ती म्हणाली आणि टेबलावर टेकली. घाम कोटाच्या आत पाठीवरून वाहत होता. पोरं धापा टाकत उभी होती, तिच्याकडे बघत.

"प्रोफे," मधल्या रांगेतून आवाज आला. "मला पण येते."

ती मायेर्ली होती. वर्षभरात तिने हजेरीला 'आहे' याच्यापलीकडे शब्द उच्चारला नव्हता. प्रश्न विचारला की ती बाकाखाली बघायची. एदिल्माला वाटायचं, या पोरीला आपण कधीच बोलती करू शकणार नाही.

"तुला कधी येते?"

"पहाटे. आई दूध काढायला जाते तेव्हा. अंधार असतो. बाळ आणि मी असतो फक्त." ती भराभर बोलत होती, थांबली तर परत बोलता येणार नाही अशी. "वाटतं की मी मरेन आणि बाळ रडत राहील."

वर्गात कोणी हसलं नाही.

"मग काय करतेस?"

"काही नाही. बाळाला धरून बसते."

एदिल्माचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत. "उद्या घाट चढून बघ," ती म्हणाली. "बाळालाही घे."

"बाळ जाड आहे, प्रोफे," मायेर्ली म्हणाली, आणि तेव्हा मात्र वर्ग खदखदून हसला, ती स्वतःसुद्धा.

यानंतर जो पाठ झाला तसा एदिल्माने आयुष्यात कधी घेतला नव्हता. बटाटे गोळा झाले. डोळे मोजून झाले. रताळं आणि बटाटा यांचं भांडण लागलं, दुवान मुळाच्या बाजूने शेवटपर्यंत लढला आणि हरल्यावर म्हणाला, "ठीक आहे, खोड असेल, पण लागतो मुळासारखाच." मध्ये ठरल्याप्रमाणे निळा पुठ्ठा वर झाला, पोरं "परत?" म्हणून कण्हली, आणि तो चढही यथासांग पार पडला. पाठ संपला.

सेलीसाहेब बाकातून स्वतःला सोडवून उभे राहिले. त्यांच्या हातात पाठटाचण होतं. "पाठ चांगला," ते म्हणाले. "पोरं बोलतात, विचार करतात. पण मला एक कळलं नाही. यात चढ एकच आहे. पहिला कुठला होता? ते काय झालं होतं?"

विल्मार स्वतःच्या बुटांकडे बघत होता. एदिल्माने तोंड उघडलं, पण बोलल्या त्या रोसाल्बाबाई.

"ते नाट्यीकरण, साहेब." त्यांचा आवाज जरासा उंच लागला होता. "भावनिक शिक्षण. शिक्षिका स्वतः भीतीचा अभिनय करते, मुलं ती ओळखतात आणि आपापल्या भावना बोलून दाखवतात. तुम्ही पाहिलंतच, जी मुलगी कधी बोलत नाही ती बोलली."

सेलीसाहेबांचा चेहरा उजळला. "असं होय. अहो, मी तर उठणार होतो पाणी आणायला. काय अभिनय. चेहरा पांढरा कसा पाडलात तुम्ही?" ते हसले, पाठटाचणाच्या कडेला त्यांनी काहीतरी लिहिलं, खाली रेघ मारली, आणि पुढे येऊन हात केला. "अभिनंदन, प्रोफेसोरा."

हा पुरा शब्द तिला मोठ्या माणसाकडून पहिल्यांदाच ऐकायला मिळत होता. बाई मागून तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत एकच विनवणी होती, गप्प राहा, पोरी, निभावलंय. खरंच निभावलं होतं. हात मिळवला की पदविका, आई, फेब्रुवारी, ही खोली, ही पोरं. काही बोलायचंही नव्हतं. एदिल्माचा हात अर्धा उचलला गेला.

"म्हणजे प्रोफे, ते खोटं होतं?"

मायेर्लीने हे अगदी हळू विचारलं. रागाने नाही. ती उभी होती, बाकाची कड धरून, आणि तिचा चेहरा मघाशी जेवढा उघडला होता तेवढाच आता मिटत चालला होता. जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, प्रोफेलाही तसं होतं म्हणून. आणि आता कळत होतं की प्रोफे नाटक करत होती.

एदिल्माने हात खाली घेतला.

"नाही," ती म्हणाली. "खरं होतं."

"एदिल्मा," रोसाल्बाबाई म्हणाल्या.

"खरं होतं, मायेर्ली. मला खरंच येते ती. वर्षभर येतेय. तुम्हाला मी घाट चढवते ना, तो माझ्यासाठीच." मग ती सेलीसाहेबांकडे वळली. श्वास जागेवर होता. "साहेब, ते नाट्यीकरण नव्हतं."

साहेबांनी हात मागे घेतला, काय करावं न सुचल्यासारखा खिशात घातला. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी पोरांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सांगताय? फेब्रुवारीत इथे तुम्ही एकट्या असणार होतात. दुसरं मोठं माणूस नाही. पोराला काही झालं, पडलं, लागलं, आणि त्याच वेळी तुम्ही अशा..."

"कळतंय."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"नाही."

"आधी दाखवा. मग पुढच्या सत्रात पाठ परत घ्या. मी आज सही करू शकत नाही." त्यांनी पाठटाचणावरचं मघाचं लिहिलेलं खोडलं. "तुम्ही गप्प राहिला असतात तर मी केली असती, हेही सांगतो."

"हो, साहेब."

तिला रडू आलं ते बाहेर आल्यावर, नळाशी तोंड धुताना, आणि ते पोटभर आलं. पदविका गेल्याचं होतं, आईला काय सांगू याचं होतं, आणि इतके दिवस एकटीने वाहिलेलं ओझं खाली पडल्याचंही होतं. काय कशासाठी हे तिला वेगळं काढता आलं नाही.

मायेर्ली रुआना गुंडाळून तिच्यामागे येऊन उभी राहिली होती. "फेब्रुवारीत तुम्ही येणार ना?"

"नाही, बाळा. दुसरं कोणीतरी येईल."

"खरं सांगितलंत म्हणून?"

एदिल्माला इथे काहीतरी गोड बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली.

"मग मी नको होतं विचारायला."

"तू विचारायलाच हवं होतं." तिने पोरीला जवळ ओढलं आणि ओल्या तोंडाने तिच्या डोक्यावर पापी घेतली. "उद्या पहाटे चढून बघ, आणि मला सांग. डिसेंबरपर्यंत मी आहे इथे."

जीप निघायला उभी होती. एदिल्मा म्हणाली, मी पायी येते. विल्मार जीपमधून उतरला, तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि कधी नव्हे तो हळू बोलला. "मी रोज शाळेच्या मागे जाऊन ओकतो. पहिल्या तासाच्या आधी. कोणाला माहीत नाही." एवढं बोलून तो परत जीपमध्ये जाऊन बसला, तिने काही म्हणायच्या आत.

जीप खाली गेली. एदिल्मा पहिल्या वळणापर्यंत उतरली तेव्हा तिला मागून टाचांचा आवाज ऐकू आला. रोसाल्बाबाई येत होत्या, रस्त्याच्या खडीवर तोल सावरत.

"मला सांगायला हवं होतंस," बाई म्हणाल्या.

"आले होते सांगायला. काल. तुम्ही ते प्रस्तावनेत घातलंत."

बाईंचं पाऊल खडीवर अडखळलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. एदिल्माला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम, आणि तिने दोन्हीतलं काहीच झाकलं नाही.

दुसऱ्या वळणावर पुन्हा आली ती भीती. कारण नसताना, उतारावर, मोकळ्या हवेत, सगळं सांगून झाल्यावरही. बोटांना मुंग्या आल्या. एदिल्मा थांबली. मग तिने पाठ फिरवली आणि आल्या रस्त्याने वर चालू लागली.

"कुठे चाललीस?" बाईंनी विचारलं.

"वर, बाई. थोडंच. ओसरेपर्यंत."

रोसाल्बाबाई तिच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या. वाकून त्यांनी टाचांचे बूट काढले, हातात घेतले, आणि मोज्यांनीच तिच्याबरोबर घाट चढू लागल्या.